चौदा नंबरच्या कॉटपाशी भैरवी

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५
बनशंकरी, बेंगळूरु

हर्ष,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं असतं तर तू पहिल्याच ओळीला पत्र फाडलं असतंस, म्हणून ते गाळलं. माझा फोन तू उचलत नाहीस, सहा वर्षं झाली. पत्र मात्र घ्यावंच लागतं. हैदराबादचा का असेना, पोस्टमन दारात उभा असतो.

मी दवाखान्यात आहे हे तुला कळलं असेलच. दर रविवारी तुझी आई कपडे वाळत घालायला म्हणून गच्चीवर जाते आणि दोन टॉवेल घालून चाळीस मिनिटांनी खाली येते. मी काय इतका खुळा नाही. तर तिने तुला सांगितलं असेल की अण्णांच्या छातीत पाणी झालंय, नळी घालून काढतायत, तपासायला पाठवलंय, काळजीचं काही नाही. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं खरं आहे. शेवटच्याबद्दल माझ्या मनात पाल चुकचुकतेय, आणि तू मला ओळखतोस, एकदा चुकचुकली की मी स्वस्थ बसत नाही.

आज आठवा दिवस. कॉट नंबर चौदा. डॉक्टर येतो, नळीखालची बाटली बघतो, "गुड, गुड" म्हणतो, आणि मग पॅसेजमध्ये जाऊन तुझ्या आईशी हळू आवाजात बोलतो. गुड असेल तर हळू कशाला बोलायचं? चौतीस वर्षं मी कारखान्यात मापं घ्यायची गेज तपासली. ज्या मालावर शिक्का मारायची लोकांना फार घाई असायची, तो माल मी दुसऱ्यांदा मोजायचो, आणि बहुतेक वेळा काहीतरी सापडायचंच.

आज एक नवीनच प्रकार झाला. साडेचारला दोघी जणी वॉर्डात आल्या. एक पन्नाशीची, केस पांढरे, खांद्याला झोळी, हातात वही. दुसरी तिशीची, व्हायोलिनची पेटी घेतलेली. पोरीने कोपरापर्यंत हात धुतले, व्हायोलिनवर हनुवटी टेकतात ती जागा स्पिरिटच्या कापसाने पुसली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "नमस्कार काका, मी प्रांजली. तुमच्यासाठी स्वल्प वाजवू का? नको असेल तर टोटली ओके." पुण्याकडची, तोंड उघडल्याबरोबर कळलं. 'स्वल्प' तेवढं कानडी इथे येऊन शिकलीय.

मी म्हटलं, "नको."

"ओके काका," म्हणाली आणि गेली. सरळ पंधरा नंबरकडे.

आता मला सांग, असं कोणी इतक्या सहज जातं? दारावर अगरबत्ती विकायला येतो तोसुद्धा दोनदा विचारतो. मी कमला सिस्टरला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "सार, त्या पेशंटसाठी वाजवायला शिकतायत. ट्रेनिंग आहे. सहा जण आहेत. त्या मनस्विनी मॅडम शिकवतात." व्हायोलिन तर त्या पोरीला येतंच! पंधरा नंबरला वाजवत होती ते मी पडदा ओढून घेऊन ऐकलं, हात चांगला तयार आहे. मग ट्रेनिंग कसलं? आणि ती मॅडम वाजवणारीकडे बघतच नव्हती. पेशंटकडे बघून वहीत लिहीत होती. पेशंटकडे बघून लिहायचं काम डॉक्टरचं, यांचं काय?

काहीतरी पाणी मुरतंय. शुक्रवारी परत येणार आहेत म्हणे. बघतोच.

शलाकाबद्दल काही लिहीत नाही. तुला वाटतं मी काय मोठा गुन्हा केला. लग्नाआधी मुलीची चौकशी सगळं जग करतं. मी दोन ठिकाणी विचारलं, एवढंच.

अण्णा


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

हर्ष,

पकडली!

आज मी मुद्दाम "हो, वाजव" म्हटलं. ती स्टुलावर बसली, व्हायोलिन खांद्याला लावलं आणि सुरूच करेना. चांगलं मिनिटभर माझ्याकडे बघत राहिली. तोंडाकडे नाही, छातीकडे. मग एक सूर लावला, सोडला. पुन्हा लावला, सोडला. छोटे छोटे तुकडे. मला वाटलं पोरगी घाबरलीय. पण लहानपणी गणपतीच्या मांडवात तू माझ्या मांडीवर झोपून जायचास आणि मी शेवटपर्यंत बसायचो, तुला आठवत असेल. कान माझे अजून शाबूत आहेत. पाचेक मिनिटांत माझ्या लक्षात आलं की तिचा गज माझ्या श्वासाबरोबर चाललाय. श्वास आत, गज वर. श्वास बाहेर, गज खाली. छातीत पाणी असल्यामुळे माझा श्वास तोकडा, म्हणून तिचे तुकडे तोकडे. आणि मग हळूच, मला पत्ता न लागू देता, ती ते तुकडे लांबवत नेत होती, आणि मी वेडा तिच्या मागोमाग लांब श्वास घेत होतो. वेसण घातलेल्या बैलासारखा!

मला न विचारता माझा श्वास कोणी मोजावा, हे मला पटत नाही. मी तपासणी केली. भरभर श्वास घेतला. तिने लय वाढवली. संथ घेतला, तीही संथ झाली. मग मी श्वास रोखून धरला.

गज मध्येच थांबला. मी छताकडे डोळे लावून पडलेलो. अर्धं फुप्फुस का असेना, वीस-बावीस आकडे अजून धरू शकतो मी. "काका? काका!" पोरगी पांढरी पडली. गज माझ्या पांघरुणावर टाकून ओरडत पळाली. कमला सिस्टर ऑक्सिजनची गाडी ढकलत आली, तिच्यामागे तो नवा डॉक्टर, त्याची एक चप्पल वाटेतच राहिली. मी श्वास सोडला आणि हसलो. त्यानंतर जी उबळ आली ती दहा मिनिटं थांबेना, तेव्हा शिक्षाही मिळाली असं समज.

तुझी आई मला "लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला" एवढं एकच म्हणाली आणि डबा घेऊन बाहेर जाऊन बसली. त्या मनस्विनीबाई मात्र रागावल्या नाहीत. आपल्यातल्याच मराठी निघाल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या, आजोळ आपल्या गल्लीच्या मागच्याच रस्त्यावरचं. स्टूल ओढून बसल्या.

"राव, चेष्टा केली का पोरीची?"

"तपासणी केली," मी म्हटलं.

"सरी, बरं. मग निकाल काय लागला?"

मी सांगितलं, मोजते बरोबर, पण डोळे छातीवरून हलवत नाही, त्यामुळे पेशंटला कळतं. कानाने मोजायला शिकवा. तर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं! मी विचारलं, हे सगळं शिकवायची भानगड कशाला, ती वाजवते की चांगलं. त्या म्हणाल्या, "वाजवायला येतं म्हणून तर अवघड आहे. आजवर सगळ्यांनी हिचं ऐकलं. आता पडून राहिलेल्या एका माणसाचं हिने ऐकायचं. आणि आधी शिकवते ते पाऊल मागे घ्यायला. इथे पेशंटला सुई नको म्हणता येत नाही, गोळी नको म्हणता येत नाही. एक आम्हालाच काय ते नको म्हणता येतं. तेवढा हक्क त्यांचा त्यांना राहू दे."

बोलणं बरं वाटलं. बरं वाटलं म्हणजे विश्वास बसला असं नाही. मी त्यांना विचारलं की चौदा नंबरकडे जायला तुम्हाला कोण सांगतं. म्हणाल्या, कमला सिस्टर. आजार काय आहे तेही सांगतात का? "अय्यो, नाही राव. कुणाकडे जायचं आणि किती वेळ वाजवायचं, तेवढंच." माझ्यासाठी किती वेळ सांगितलाय? इथे बाई अडखळल्या. दुसऱ्यांना दहा मिनिटं, असं मी स्वतः घड्याळ लावून पाहिलंय. मला म्हणाल्या, "तुम्हाला हवा तितका वेळ."

हवा तितका का? मलाच का?

आणि एक विचारायचं होतं. या बायका तू तर नाही ना पाठवल्यास? तुझ्या ओळखी असतात सगळीकडे. पाठवल्या असशील तर सांगून टाक, मी रागावणार नाही. खरंच नाही रागावणार.

अण्णा


मंगळवार, ११ नोव्हेंबर

हर्ष,

हे पत्र तुझ्या आईकडे दिलेलं नाही. कमला सिस्टर उद्या सकाळी ड्यूटीवर येताना स्पीड पोस्टाने टाकेल. आईला यातलं काही विचारू नकोस, ती खरं सांगणार नाही.

सांगतो ते नीट वाच. शनिवारी ती बाहेर पाण्याच्या फिल्टरपाशी उभी राहून रडत होती, हातात फोन. मला नळीची बाटली घेऊन येताना पाहिलं आणि डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाली. दोन्ही डोळ्यांत? रविवारी चिरोटी घेऊन आली. साखर वाढल्यापासून नऊ वर्षं या बाईने मला गुळाचा खडा चाखू दिलेला नाही, आणि परवा म्हणते, "खा, हवी तेवढी खा." मी अर्धी खाऊन बाजूला ठेवली. सोमवारी डॉक्टर आला, बाटली बघितली, गुड म्हणाला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला, थोपटलं आणि गेला. इतक्या दिवसांत त्या माणसाने नाडीशिवाय मला कुठे हात लावला नव्हता.

तरी मी मनाला म्हणत होतो, नरसिंहा, तुझी खोडच आहे ही.

आज प्रांजली आली. चाळीस मिनिटं वाजवलं तिने, कुणी थांबवलं नाही. मुलतानी वाजवला. हर्ष, काय वाजवलं सांगू! मी तपासायचं विसरलो. डोळे मिटून पडलो होतो, नळी आहे तेसुद्धा विसरलो. मुलतानी संपला, एक छोटीशी धून झाली, आणि मग थांबायच्या ऐवजी तिने भैरवी धरली.

संध्याकाळी पाच वाजता भैरवी म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. भैरवी सुरू झाली की लोक अंधारात चपला शोधायला लागतात. मैफल उठली. आठवडाभर मी कान देऊन ऐकतोय, पंधरा नंबर, नऊ नंबर, खिडकीतला तो म्हातारा, कुणापाशी तिने भैरवी वाजवलेली नाही. ती वाजवता वाजवता हळूच सोडून देते, संपलं कधी ते कळत नाही. भैरवी फक्त माझ्यासाठी. आणि संपवून तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला की मला पुढचं विचारायची गरजच राहिली नाही. पेटी बंद केली, "येते काका"सुद्धा म्हणाली नाही, गेली. मनस्विनीबाई तिच्यामागे धावल्या. पॅसेजमधून आवाज आला, "हे काय केलंस तू! त्यांना सगळं कळतं!"

मला काय कळतं? जे यांना आधीच माहीत आहे तेच ना?

एक रीडिंग चुकतं, दोन चुकतात. सगळीच एका बाजूला झुकली की गेजला नावं ठेवण्यात अर्थ नसतो. मी जाणार आहे, हर्ष. सगळ्यांना ठाऊक आहे, मलाच तेवढं ठाऊक नव्हतं, आणि मला ते कोणी सांगितलं तर एका व्हायोलिनने.

मला भीती वाटतेय रे. फार वाटतेय.

ये. जमलं तर या आठवड्यातच ये. आणखी काही मागत नाही.

पहिल्या पत्रात दोन ठिकाणी विचारलं असं लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. मी काखेत फाईल मारून, खिशाला दोन पेनं लावून इलेक्ट्रॉनिक सिटीत शलाकाच्या बिल्डिंगमध्ये गेलो होतो. पासपोर्टच्या पडताळणीला आलोय असं वॉचमनला सांगितलं. ती किती वाजता येते, सोडायला कोण येतं, हे विचारलं. तिच्या घरमालकालाही विचारलं. तीन वेळा गेलो. तिला हे तू सांगू नकोस. ती आली तर मीच सांगेन. येणार नाही, माहीत आहे.

अण्णा


शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळ

हर्ष,

काल संध्याकाळी वॉर्डाच्या फोनवर शलाकाचा फोन आला होता. कमला सिस्टर धावत सांगायला आली. "सार, तुमच्या सुनेचा फोन! पत्र मिळालं म्हणाली. दोघं शनिवारी संध्याकाळच्या गाडीने निघतायत, रविवारी सकाळी इथे पोचतात." शलाकाने आपला नंबरही दिलाय, सिस्टरने तो माझ्या तापाच्या तक्त्याच्या मागे लिहून ठेवलाय.

तू नाही, तिने फोन केला. खरं सांगतो, माझ्या मनात आधी काय आलं. आलं की ही का फोन करते? म्हातारा खरंच जातोय का ते बघायला? आधी हेच आलं. माझं डोकं कसं चालतं ते तुला माहीत असावं म्हणून लिहून ठेवतो, अभिमानाने लिहीत नाही.

मग मी तुझ्या आईला म्हटलं, दाढीचं सामान आण. तिने कारण विचारलं, मी सांगितलं नाही. नळी सांभाळत दाढी केली, दोन ठिकाणी कापलं. रविवारपर्यंत टिकलो म्हणजे झालं, असं म्हणत बसलोय.

अण्णा


शुक्रवारच, संध्याकाळ

हर्ष, शलाका,

सकाळचं पत्र पोस्टात टाकायच्या आधीच सगळं उलटंपालटं झालं. ते फाडणार होतो. पण फाडत नाही, याच्याबरोबर तेही पाठवतो. पोस्टाने पाठवलं तर तुम्ही निघाल्यावर मिळेल, म्हणून प्रांजली तिच्या फोनवर या पानांचे फोटो काढून शलाकाच्या नंबरवर पाठवणार आहे. ती शेजारी स्टुलावर बसलीय, माझं लिहून व्हायची वाट बघत.

दुपारी रिपोर्ट आला. क्षय आहे, फुप्फुसाच्या आवरणाचा. दुसऱ्याला लागणारा नाही. सहा महिने गोळ्या, रोज न चुकता, आणि मग बरा. नळी उद्या काढतील, सोमवारी घरी. डॉक्टर आज तीनदा गुड म्हणाला. मी त्याला विचारलं, मग सोमवारी खांद्यावर हात कशाला ठेवलास बाबा? तो म्हणाला, लॅबने नमुना दोनदा मागवला, तुम्हाला उगाच इतके दिवस ताटकळत ठेवलं, वाईट वाटलं म्हणून. चिरोट्या त्यानेच खायला सांगितल्या होत्या, साखर औषधाने सांभाळू म्हणाला, माझं वजन नऊ किलो उतरलंय. आणि तुझी आई फिल्टरपाशी रडत होती ती का, तेही आज खोदून विचारलं. हर्ष, तू म्हणे त्या दिवशी फोनवर विचारलंस, "अण्णा जेवतात का?" सहा वर्षांत पहिल्यांदा. आणि मी त्यातून माझं मरण शोधून काढलं.

राहिली भैरवी. साडेचारला प्रांजली एकटीच आली, व्हायोलिन न घेता. मनस्विनीबाईंनी पाठवली, जा आणि समोर उभी राहून सांग म्हणून. डोळे सुजलेले.

"काका, मला सॉरी म्हणायचंय. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं, वॉर्डात भैरवी वाजवायची नाही. शेवट करायचाच नाही, नुसतं सोडायचं. जाणकार पेशंट असेल तर तो नको ते समजेल म्हणून. मला माहीत होतं, तरी झालं."

"तुला कोणी काही सांगितलं होतं का माझ्याबद्दल?"

"नाही हो काका, शपथ! मी बाराव्या वर्षापासून प्रोग्रॅम करतेय. प्रोग्रॅम भैरवीनेच संपतो, हात आपोआप गेला. इतर कुणापाशी असं होत नाही, कारण मी तिथे मोजत असते. तुम्ही इतकं ऐकत होता ना, की मी मोजायचं विसरले. मला वाटलं मी स्टेजवर आहे."

हवा तितका वेळ का, तेही कळलं. बाकीचे दहा मिनिटांत झोपतात किंवा दमतात, आणि मी चुका काढतो. मनस्विनीबाईंनी कमला सिस्टरला सांगून ठेवलं होतं, हिला चौदा नंबरकडे जास्त वेळ बसू दे, शिकेल. म्हणजे सगळा वॉर्ड माझ्यापासून लपवत होता ते हे, की मी मास्तर झालो होतो!

मी पोरीला म्हटलं, "तुझ्या एका भैरवीने मी दोन माणसांना हैदराबादहून निघायला लावलंय." ती पुन्हा रडायला लागली. तिला स्टुलावर बस म्हटलं.

आता मुख्य गोष्ट. तुझी आई रिपोर्ट आल्यापासून माझ्या मागे लागलीय. "अहो, तुम्ही गप्प बसा. येऊ द्या त्यांना. आल्यावर सांगू, रिपोर्ट आत्ताच आला. एकदा घरात पाऊल पडलं की झालं. मी तुमच्या पाया पडते, सहा वर्षांनी लेक येतोय, तुम्ही आपल्या तोंडाने त्याला परत पाठवू नका." मी तासभर विचार केला. खोटं नाही सांगत, मोह झाला. जन्मभर दुसऱ्यांचं खोटं हुडकत फिरलो, आणि एकदा आपल्या फायद्याचं आलं तर कडू लागेना. सुम्ने, गप्प पडून राहायचं, बाकी आपोआप होणार होतं.

पण मग काय झालं असतं ते मला दिसलं. तुम्ही आला असतात, मी कॉटवर बसून दाढी केलेली, गालाला रंग आलेला. आणि तुम्हाला कळलं असतं. त्यानंतर मी खोकलो तरी तुम्ही एकमेकांकडे बघितलं असतं. तसं बघत जगणं कसं असतं ते मला ठाऊक आहे. तुमच्या डोळ्यांत ते मी आणून ठेवणार नाही.

हर्ष, तू बोलणं टाकलंस ते चौकशीमुळे नाही. वॉचमनच्या वहीत माझ्या स्कूटरचा नंबर होता. त्या पानाचा फोटो फोनवर घेऊन तू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलास आणि विचारलंस, "अण्णा, तुम्ही गेला होतात?" आवाज चढवला नव्हतास. मी हो म्हणालो असतो तर तू भांडला असतास आणि दोन महिन्यांत विसरला असतास. मी तुझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणालो. फोटो समोर असताना नाही म्हणालो. आणि वर ओरडलो की बापावर संशय घेतोस!

शलाका, तुझ्याशी मी आजवर चार वाक्यंसुद्धा धड बोललेलो नाही, आता ही वाच. पोलिस चौकशीला आले असं समजून तुझ्या घरमालकाने तुला खोली सोडायला लावली. अकरा दिवस तू बॅगा घेऊन मैत्रिणींकडे राहात होतीस. हे मला केव्हाच कळलं होतं. तुझ्या सासूने, अहल्येने, मला तेव्हाच सांगितलं होतं. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, काही नसतं तर त्याने काढलं असतं का. हे मी म्हणालो, माझ्या तोंडाने. तुझ्यात काहीही वावगं नव्हतं. तीन वेळा येऊन मला काही सापडलं नव्हतं, आणि काही सापडलं नाही म्हणून मी तिसऱ्यांदा गेलो होतो. चूक माझी होती, पूर्ण माझी होती. मला माफ कर असं म्हणायचा माझा अधिकार आहे की नाही मला माहीत नाही, पण म्हणतो. आणि इतकं होऊन काल फोन तू केलास.

तुझी सासू पडद्याच्या पलीकडे बसून रडतेय. मी काय लिहितोय ते तिला वाचून दाखवलं. "तुम्ही कधी सुधारणार नाही," म्हणाली. पण पान हातातून काढून घेतलं नाही.

तेव्हा नीट ऐका. मी आजारी आहे, पण मरत नाहीये. सोमवारी घरी जातोय. गाडी उद्या संध्याकाळची आहे, तिकिटं रद्द करायला वेळ आहे.

तरी या.

अण्णा